दाराआडची एकसष्ट पुस्तकं

सोमवार, ५ जानेवारी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याला महिनाभर आराम सांगितला आहे. वाचन बंद, लेखन 'जेमतेम'. जेमतेम म्हणजे किती, असं विचारलं तर म्हणाले, "अंदाजानं घ्या, आजी." चौतीस वर्षं कॉलेजचं ग्रंथालय सांभाळलं, अंदाजानं एक पुस्तक इकडचं तिकडे ठेवलं नाही. म्हणून मुद्दाम ही नवी वही काढली. डाव्या डोळ्याला कुणी काही सांगितलेलं नाही.

शाळेत आमच्या मुख्याध्यापिका मदर म्हणायच्या, दिवस संपताना एक तरी आभार लिहा, नाहीतर तो दिवस तुमच्या अंगी लागणार नाही. त्यांच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही. तेव्हा आजचे आभार: रांगेत मला पुढे जाऊ देणाऱ्या त्या बाईचे. 'आजी' न म्हणता जाऊ दिलं, याचे जास्त.

दुपारी सेमिनरीतल्या धाकट्या सिस्टर आल्या. भावी पाद्र्यांना त्या नीतिशास्त्र शिकवतात. वय तिशीचं असेल, पण दमलेल्या पन्नाशीच्या दिसत होत्या. त्यांनी शिकवण्यासाठी एक नवा पेपर मांडला आहे: ख्रिस्ती नीतिविचारात स्त्रियांनी काय भर घातली. डीन फादरांनी नियम दाखवला. ज्या विषयाचा पेपर, त्याचे किमान चाळीस ग्रंथ ग्रंथालयात त्याच वर्गवारीत असले पाहिजेत. नीतिशास्त्राच्या वर्गात बायकांनी लिहिलेली पुस्तकं भरली तीन. त्यातलं तिसरं म्हणजे एका पुरुषाच्या ग्रंथाची सूची.

"डीन फादर म्हणाले, बायकांनी या विषयात लिहिलेलंच नाही, तर शिकवणार काय?" सिस्टर म्हणाल्या. "तीस तारखेला बैठक आहे. तोवर चाळीस दाखवा, नाहीतर विषय बंद. मॅडम, तुम्ही ग्रंथपाल होतात ना?"

"होते. आता नुसती चिडते."

"तेच हवंय," त्या म्हणाल्या. मला पोरगी आवडली.

बुधवार, ७ जानेवारी

सेमिनरीचं ग्रंथालय. बाविसाव्या वर्षी, कायमची नोकरी लागायच्या आधी, मी इथे आठ महिने बदली मदतनीस होते. तेच लांब टेबल, तोच फरशीचा थंडपणा. पंखा मात्र बदलला आहे, वाऱ्याऐवजी आवाज देतो.

वर्गवारीच्या कपाटांमागून फिरत फिरत थेट दारापर्यंत आले. दार उघडलं की ज्याच्यावर आपटतं ते शेवटचं कपाट. पाटी: 'भक्ती व गृहजीवन'. वरच्या फळीवर गीतांची पुस्तकं, खालच्या दोन फळ्यांवर, एकावर एक, मदरांची पुस्तकं. त्यांच्या मृत्यूनंतर शाळेकडून ट्रंक भरून आली होती, ती मला आठवते. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर त्यांची बारीक तिरपी सही. एकसष्ट आहेत. सगळी बायकांनी लिहिलेली.

एक उघडलं. मजुरीला जाणाऱ्या बायकांना पूर्ण मोबदला न देणारा मालक चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो, त्याच्या प्रार्थनेचं काय करायचं? हे लिहिणारी बाई स्वतः धुलाईखाना चालवायची. दुसरं एका नर्सचं, मरणाऱ्याला खरं सांगावं की नाही यावर. तिसरीनं तर देवशास्त्राच्या पंडितांनाच धरलं आहे: तुम्ही सगळे जन्मभर सांगत आलात की गर्व हे मूळ पाप. पण जिला 'मी' म्हणायलाच कुणी शिकवलं नाही, तिचं पाप गर्व कसं असेल? स्वतःला पुसून टाकणं, हे तिचं पाप नसेल कशावरून?

हे गृहजीवन! हे गीतांच्या पुस्तकांखाली!

हे कुणी केलं ते सांगायला नको. त्या वेळी ग्रंथपाल फादर होते, पुस्तकांचे वर्ग तेच ठरवायचे. मी कोण? धूळ झटकणारी आणि कार्डं टाइप करणारी. फादर आता स्वर्गात आहेत. तिथलीही पुस्तकं एव्हाना चुकीच्या कपाटात गेली असतील.

धाकट्या सिस्टर जमिनीवर बसून पुस्तकं मोजत होत्या आणि रडत होत्या. मी म्हटलं, "पानांवर पडू देऊ नका, शाई पसरते." त्या हसल्या. आजचे आभार: मदरांचे. पंचेचाळीस वर्षांनी.

शुक्रवार, ९ जानेवारी

काम असं आहे. प्रत्येक पुस्तकाची दाखल नोंदवहीतली ओळ शोधायची, नंबर जुळवायचा, पुस्तक वाचून पाहायचं, मग खरोखर नीतिशास्त्राचं असेल तरच नवा वर्ग द्यायचा. आकडा भरायचा म्हणून एकही कोंबायचं नाही, हे मी सिस्टरांना बजावलं आहे.

पण जुन्या नोंदवहीतलं फिकट लिखाण मला एका डोळ्यानं दिसेना. नाइलाजानं वहिनींना बरोबर घेतलं. वहिनी म्हणजे माझ्या दिवंगत दादाची बायको. तो गेल्यापासून आम्ही दोघीच घरात. स्वभावानं गरीब, पुस्तकाशी संबंध रद्दी बांधण्यापुरता. पण अक्षर ओळखतात आणि त्यांचे डोळे शाबूत आहेत.

त्या ओळीवर बोट ठेवून नंबर वाचत होत्या, मी कार्डावर खूण करत होते. पाच-सहा ओळी झाल्या आणि बोट थांबलं.

"काय झालं?"

"काही नाही. पाणी आहे का इथे कुठे?"

पाणी पिऊन आल्या. मी म्हटलं, "शेवटच्या रकान्यात वर्ग लिहिलेला असेल. तो वाचा."

"भक्ती. भक्ती. भक्ती. सगळीकडे तेच आहे, वन्सं."

"कुणाच्या अक्षरात?"

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "मला काय कळतंय अक्षरातलं? शाईनं लिहिलंय एवढं खरं."

म्हणून म्हणते, संगत शिकलेल्याची असावी. आजचे आभार: बसच्या कंडक्टरचे. आम्ही चढेपर्यंत घंटा दिली नाही.

मंगळवार, १३ जानेवारी

दिवसाला पाच-सहा पुस्तकं होतात. सिस्टर तास संपवून येतात आणि पुस्तकांवर नवी लेबलं चिकटवतात. माझा डोळा पाणावला की वहिनी मोठ्यानं वाचतात. थांबत थांबत, शाळेत धडा वाचावा तशा. दोनदा मला डुलकी लागली. दोन्ही वेळा त्यांनी वाचणं थांबवलं नव्हतं.

गर्वाच्या पापावरचं ते प्रकरण मात्र त्यांनी वाचलं आणि परत पहिल्या ओळीवर गेल्या.

"हे कुणी लिहिलंय, वन्सं?"

"एका बाईंनी. का?"

"मला विचारून लिहिल्यासारखं आहे."

सिस्टर एकदम म्हणाल्या, "काकू, सांगा ना, म्हणजे कसं?" पण वहिनी लाजल्या आणि लेबलांची कात्री शोधायला लागल्या. कात्री त्यांच्या समोरच होती. मी सिस्टरांना म्हटलं, त्यांना नका अडचणीत टाकू, त्यांचं सगळं आयुष्य ओट्यापाशी गेलं आहे.

तशी कर्तव्यं मलाही चुकली नाहीत. आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती. नऊ वर्षांत तिचं एक औषध मी चुकू दिलं नाही. पहिल्या तारखेला सगळी पाकिटं आणून कपाटात. बाकीचं बघायला वहिनी घरी होत्याच.

शनिवार, १७ जानेवारी

आज वहिनींशी वाजलं. ग्रंथपाल फादरांबद्दल मी बोलत होते. फार काही नाही, एवढंच की त्यांना डोकं टोपी ठेवायला दिलं होतं. तर वहिनी म्हणतात, "गेलेल्या माणसाला किती बोलाल, वन्सं?"

"गेल्यामुळे चूक बरोबर होते का?"

"होत नाही. पण चुकलेलं माणूस असेल तरुण. असेल घाईत. चांगल्या मनानंही चुकतं माणूस."

"फादर पासष्टचे होते आणि घाई त्यांनी जन्मात केली नाही. जेवायला बसले की दुसरी घंटा व्हायची."

वहिनी उठून कामाला लागल्या. त्यांची ही सोशीक वृत्ती मला सहन होत नाही. अशाच बायकांमुळे मदरांची पुस्तकं दाराआड राहतात.

बुधवार, २१ जानेवारी

एकसष्टपैकी बावन्न खरोखर नीतिशास्त्राची. नऊ प्रार्थनेची आणि घरगुती उपचारांची, ती जागच्या जागी ठेवली. चाळीसच्या वर बारा! धाकट्या सिस्टरांनी मला मिठी मारली. कुणी मिठी मारण्याची सवय राहिलेली नाही, मी कपाटासारखी उभी राहिले. पण बरं वाटलं.

बैठकीसाठी निवेदन लिहायला घेतलं. पहिलंच वाक्य: 'तत्कालीन ग्रंथपालांच्या अक्षम्य अज्ञानामुळे...' वहिनींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे वाक्य गाळलं तर नाही चालणार?" मी म्हटलं, तेच तर वाक्य आहे, बाकीचे नुसते आकडे.

शुक्रवार, २३ जानेवारी

वहिनींची दाढ दुखते म्हणून एकटीच गेले. निवेदनाला जोडायला नोंदवहीच्या दोन पानांची प्रत हवी होती. सिस्टरांकडून भिंग मागून घेतलं आणि उघडलेलं पान बरोबर आहे ना ते पाहिलं.

पान बरोबर होतं.

रविवार, २५ जानेवारी

काल लिहिता आलं नाही.

वर्गाच्या रकान्यात आधी पेन्सिलनं लिहिलेलं होतं. फादरांचं मोठं, सैलसर अक्षर: 'नीती'. रबरानं पुसलेलं, पण दाब इतका की कागदावर वळ राहिला आहे. प्रत्येक ओळीत नाही, पण पंचवीस-तीस ठिकाणी तरी. आणि त्याच्यावर शाईनं, नीटनेटकं, शाळेतल्यासारखं गोल अक्षर: 'भक्ती'. खाली प्रत्येक पानाला आद्याक्षरं. माझी.

आता सगळं आठवतं. फादरांना ताप आला होता, पंधरा दिवस ते खाली उतरले नव्हते. मदरांची ट्रंक माझ्यापुढे होती. नीतिशास्त्र म्हणजे पुरुषांचे जाड ग्रंथ, वाद, भांडणं, एकमेकांची उणीदुणी. मदर इतक्या पवित्र. त्यांची पुस्तकं त्या बाजारात नकोत, प्रार्थनेच्या पुस्तकांशेजारी शोभतील. एकही उघडून पाहिलं नाही. मी त्यांना मान दिला होता. मान देऊन दाराआड ठेवलं.

आज सकाळी वहिनींना म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

त्यांचा गाल अजून सुजलेला होता. "चाळीस वर्षं तुमच्या हातच्या याद्या वाचतेय, वन्सं. वाणसामान, इस्त्रीचे कपडे, आईंची औषधं. तुमचा 'क्त' मला अंधारातही ओळखू येईल."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही इतक्या जोरात होतात. किती वर्षांनी तुम्हाला असं उत्साहात बघत होते. म्हटलं, काम तर होतंय. फादर काही उठून भांडायला येत नाहीत."

"आणि मी त्यांना काय काय बोलले!"

"ते मात्र बोललात," वहिनी म्हणाल्या, आणि हसू दाबताना दाढेवर हात धरला.

मंगळवार, २७ जानेवारी

सिस्टरांना सांगितलं. त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग म्हणाल्या, "मॅडम, बैठकीत हे सांगायलाच हवं का? डीन फादर म्हणतील, ज्या हातानं चुकीचा वर्ग दिला तोच हात आता बदलतोय, विश्वास कसा ठेवायचा? तेवढ्यावर विषय पडेल."

बरोबर आहे. गप्प राहिले तर दोष फादरांकडे राहतो आणि पेपर सुखरूप. बोलले तर एका तरुण मुलीचं दोन वर्षांचं काम माझ्या तोंडानं बुडायचं.

घरी येऊन मरणाऱ्याला खरं सांगावं का, ते नर्सबाईंचं पुस्तक परत वाचलं. बाई स्पष्ट सांगत नाहीत. इतकंच म्हणतात की खोटं आपण दुसऱ्याच्या भल्यासाठी बोलतो असं वाटतं तेव्हा, त्यात आपलं स्वतःचं भलं किती, ते आधी मोजावं. मी मोजलं. बरंच निघालं.

शुक्रवार, ३० जानेवारी

सविस्तर लिहिते.

लांब टेबलापाशी सात जण, त्यांत एकट्या धाकट्या सिस्टर बाई. वहिनी माझं औषध आणि छत्री घेऊन बाहेर व्हरांड्यात बाकावर. बावन्न पुस्तकं टेबलावर रचलेली. डीन फादरांनी निवेदन वाचलं (ते वाक्य काढलं होतं) आणि विचारलं, "मूळ चूक कुणाची?"

सिस्टर माझ्याकडे बघेनात.

"माझी," मी म्हटलं. "ग्रंथपाल फादरांनी नीती लिहिलं होतं. मी पुसलं. दोन आठवडे मी सगळीकडे त्यांची बदनामी केली, तीही माझीच चूक."

कुणीतरी खोकलं. डीन फादर खुर्चीत मागे रेलले. "मग तेव्हा चुकलात, तर आता बरोबर कशावरून?"

"तेव्हा पुस्तकं उघडली नव्हती. आता वाचली आहेत."

"सगळी?"

त्यांनी रांगेतून एक पुस्तक ओढलं. निळं, पातळ. "हे शुश्रूषेवरचं दिसतं. हे गृहजीवन का नाही?"

मी पुस्तक हातात घेतलं. हेच ते, ज्याच्या वेळी मला डुलकी लागली होती. सिस्टरांनी त्याला लेबल लावलं होतं आणि मी सही केली होती. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचाच प्रकार.

"हे मी वाचलेलं नाही," मी म्हटलं. सिस्टरांनी डोळे मिटले. "पण वाचलेलं माणूस बाहेर बसलं आहे."

वहिनी आत आल्या. छत्री कुठे ठेवावी ते कळेना, शेवटी छातीशी धरून उभ्या राहिल्या. डीन फादरांनी प्रश्न परत विचारला. मला वाटलं, आता या कात्री शोधायला लागणार.

"यातल्या बाईंनी बारा वर्षं सासूचं केलं," वहिनी म्हणाल्या. "अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं. सेवा वाईट असं त्या म्हणत नाहीत. सासूवर त्यांचा जीव होता. त्या म्हणतात, सेवा करणारीला सगळे पुण्यवान म्हणतात, आणि तसं म्हणून झालं की आपापल्या कामाला जातात. ज्या घरात सेवा एकटीच्याच वाटणीला येते, त्या घराचा चांगुलपणा तपासून बघावा, असं लिहिलंय." मग जरा थांबून, "कुणी कुणासाठी काय करायचं, आणि ते कुणी ठरवायचं, यालाच नीती म्हणतात ना, फादर? मला वाटलं तसं. नसेल तर राहू द्या."

 

डीन फादरांनी पुस्तक परत घेतलं, स्वतः उघडलं आणि पहिलं पान वाचायला लागले. आम्ही सगळे ताटकळत. ते पान उलटून दुसऱ्यावर गेले. शेवटी सिस्टरांनीच विचारलं, "फादर, निर्णय?"

"अं? हो, हो," ते म्हणाले. "सुरू करा. ऐच्छिक म्हणून, वर्षभर. हे पुस्तक मात्र आज मी नेतोय."

त्यावर मी त्यांना म्हटलं की नाव लिहून न्या, आणि चौदा दिवसांत परत. सवय जात नाही.

शनिवार, ३१ जानेवारी

काल बसमधून येताना वहिनींना म्हटलं होतं, "नऊ वर्षांत कधी बोलला नाहीत." त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुम्ही दमून यायचात." राग असता तर बरं झालं असतं.

आज ही वही मागे चाळली. रांगेतली बाई, कंडक्टर, मदर. ज्या माणसाच्या हातचं खाऊन मी हे आभार लिहिले, त्याचं नाव एकदाही नाही. आईची पाकिटं मी आणायचे. ती गोळी तिच्या जिभेवर कुणी ठेवली, रात्री कितीदा उठून कूस बदलली, हे मी कधी विचारलं नाही. मीही पुण्यवान म्हणून कामाला जात होते.

दुपारी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.  म्हटलं, "वहिनी, आईचं तुम्ही जे केलंत..." पुढे येईना. त्या म्हणाल्या, "बसा आधी. औषध घेतलंत का?"

घेतलं नव्हतं. आधी ते घेतलं, मग पूर्ण वाक्य बोलले. वहिनी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं बोललात. मला वाटायचं, कुणाला दिसलंच नाही."

गुरुवार, १२ फेब्रुवारी

पेपरचा पहिला तास. अकरा विद्यार्थी, आणि बाहेरून बसायला परवानगी मिळालेल्या एक बाई. अर्ज मी आणला, सही त्यांनी केली, आणि "शिक्षण" या रकान्यात काय लिहायचं यावर आमची अर्धा तास हुज्जत झाली.

"पण गुरुवारी स्वयंपाकाचं काय?" वहिनींनी चारदा विचारलं.

"मी करते."

"तुम्ही?"

"चौतीस वर्षं ग्रंथालय चालवलं. भात-भाजी म्हणजे काय मोठं?"

मोठं असतं. दोनदा कुकरला घाबरले. भाजीत मीठ घातलं का ते आठवेना, म्हणून परत घातलं. वहिनी सहा वाजता आल्या, गाल लाल, वही भरलेली. पुढच्या आठवड्यात त्यांनाच पाच मिनिटं बोलायचं आहे म्हणे. बोलता बोलता जेवायला बसल्या, पहिला घास घेतला आणि थांबल्या.

लग्न होऊन या घरात आल्यापासून वहिनींनी कुणाच्या जेवणाला नाव ठेवलेलं मी ऐकलेलं नाही. पानात पडेल ते मुकाट्यानं खायचं, आणि स्वतःच्या हातचं बिघडलं तर ते सगळं स्वतःच्याच पानात घ्यायचं.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "भाजी खारट झालीय. मला नाही जाणार ही."

आणि ताट पुढे सरकवलं.

मी उठले. आयुष्यात इतक्या आनंदानं मी कुणासाठी दुसरी भाजी टाकलेली नाही.